साक्ष संतांची, सभा कोणाची?

माउली, राम कृष्ण हरी.

हा मंत्र बाबाजी चैतन्यांनी तुकोबारायांना स्वप्नात दिला. माघ शुद्ध दशमीचा गुरुवार होता, हे आपण दरवर्षी निरूपणात सांगतो आणि ऐकतो. दोन वारकरी रस्त्यात भेटले की एकमेकांच्या पाया पडताना हेच तीन शब्द म्हणतात. कीर्तनाच्या आरंभी वीणेकरी याच शब्दांनी सूर धरतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या तीन शब्दांना आणखी दोन शब्द जोडले गेले. राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले होते. त्यांच्या सभांतून ‘राम कृष्ण हरी, वाजवा तुतारी’ अशी घोषणा सुरू झाली. यमक सहज जुळले, घोषणा पोराटोरांच्या तोंडी बसली. काही वारकऱ्यांना तिचे कौतुक वाटले, काहींच्या मनाला ती टोचली.

एकाच पक्षाचे नाव घेऊन थांबलो तर हा लेखही प्रचारच होईल. त्याच निवडणुकीत शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाने मशाल चिन्हाचे प्रचारगीत काढले. त्यातले ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द काढा, असे निवडणूक आयोगाने सांगितले आणि आम्ही काढणार नाही, असे ठाकरे यांनी एप्रिलमध्ये जाहीर केले. त्याआधी उत्तर प्रदेशात २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या सभांतून कन्हैया मित्तल या भजनगायकाचे रामाचे गाणे गावोगाव वाजले. तेव्हा तुतारी, मशाल आणि कमळ या तिन्हींच्या सभांना देवाच्या नावाची चव लागलेली आहे. ज्याच्या कानाला फक्त विरोधकाचाच भोंगा खटकतो, त्याने हा लेख येथेच मिटून ठेवला तरी माझी तक्रार नाही.

प्रश्न असा आहे की, आपले गाणे सभेत वाजवू नका असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि कशाच्या बळावर? जगभरचे गायक-संगीतकार हा प्रश्न लढवीत आहेत. त्यांचे म्हणणे आधी ऐकू, मग आपल्या घराकडे वळू.

अमेरिकेत १९८४ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीच्या प्रचारसभेत ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाचे नाव घेऊन तरुणांना आपलेसे करण्याचा प्रयत्न केला. या गायकाचे त्या वेळी गाजत असलेले गाणे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या आणि कोणीही न विचारलेल्या सैनिकाचे दुःख सांगते. पण ध्रुवपदात देशाचे नाव येते. वरवर ऐकणाऱ्याला ते देशाचा जयजयकार वाटते. कडवी ऐकली तर जयजयकार करावासा वाटणार नाही. गायकाने काही दिवसांतच रंगमंचावरून आपली नाराजी सुचवली. २०२० साली नील यंग यांनी ट्रम्प यांच्या प्रचार समितीवर दावा लावला आणि काही महिन्यांनी तो मागे घेतला. २०२४ साली आयझॅक हेज या संगीतकाराच्या कुटुंबाने ट्रम्प यांच्याविरुद्ध अटलांटाच्या न्यायालयात धाव घेतली. हेज २००८ सालीच वारले होते. त्यांचे गाणे १९६६ चे. तरीही न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ते गाणे प्रचारात वाजवण्यास तात्पुरती मनाई केली. कर्ता मेला तरी त्याच्या वतीने ‘नको’ म्हणणारे कोणी असू शकते, ही गोष्ट माउली, मनात धरून ठेवा.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘केजीएफ’ या चित्रपटाची गाणी काँग्रेसच्या भारत जोडो यात्रेच्या चित्रफितींत वापरली गेली, म्हणून बंगळुरूच्या एमआरटी म्युझिक कंपनीने तक्रार केली. यात्रा देगलूरकडून महाराष्ट्रात शिरत होती, त्याच सुमारास बंगळुरूच्या न्यायालयाने पक्षाची ट्विटर खाती बंद ठेवण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने लगेच, ती गाणी काढून टाकण्याच्या अटीवर, तो आदेश उठवला.

या सगळ्या भांडणांत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत, त्या वेगळ्या करून पाहू. पहिली मालकीची. गाणे माझे आहे, विचारल्याशिवाय आणि मोबदला दिल्याशिवाय घेऊ नका. बंगळुरूची तक्रार या जातीची. दुसरी साक्षीची. माझे गाणे तुमच्या सभेत वाजले म्हणजे ऐकणाऱ्याला वाटते की मी तुमच्या बाजूचा आहे. मी तुमच्या बाजूचा नाही, तेव्हा माझ्या नावाने खोटी साक्ष देऊ नका. स्प्रिंगस्टीनचा राग या जातीचा. पैसे भरून पहिली तक्रार मिटते. दुसरी पैशाने मिटत नाही.

आता आपल्याकडे या. मालकीची भाषा वारकऱ्याला बोलताच येत नाही. कायद्याने पाहा. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या रचनेवर हक्क चालतो. तुकोबारायांना वैकुंठाला जाऊन पावणेचारशे वर्षे झाली. ज्ञानोबांची, नामदेवरायांची, जनाबाईंची, चोखोबांची गोष्ट त्याहून जुनी. त्यांच्या अभंगांना कुलूप नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत ज्यांचे भजन घरोघर आहे, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. त्यांच्या हयातीत छापून निघालेल्या भजनांवरचा आणि १९५५ च्या ग्रामगीतेवरचा हक्क हिशेबाने २०२८ च्या अखेरीस संपेल. १ जानेवारी २०२९ पासून कोणत्याही उमेदवाराने त्यांचे भजन उचलले तर मोबदल्यासाठी अडवणारा कागद कोणाच्या हाती राहणार नाही. कर्त्याची रचना विकृत करून त्याच्या कीर्तीला बाधा आणू नये, असे एक कलम त्या कायद्यात आहे. परंतु ते कर्त्याच्या आणि त्याच्या वारसांच्या हाती आहे, तुमच्याआमच्या नाही.

परमार्थानेही मालकी टिकत नाही. संतांनी स्वतःच सांगून ठेवले की बोलणे आमचे नाही, बोलविणारा निराळा आहे. ज्यांनी कर्तेपण देवाच्या पायावर ठेवले, त्यांच्या वतीने आपण मालकीचा दावा लावला तर आपण त्यांच्याच शिकवणीला मुकलो.

म्हणून काही भाविक म्हणतात, मग सोडून द्या. मालक नाही, तर चोरी कुठली? माउली, येथेच घाई होते. संप्रदायाने मालकी सोडली, मर्यादा सोडलेली नाही. दोन प्रमाणे देतो.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते. ते काम झाल्यावर नाथांनी पुढच्यांना बजावले की या ग्रंथात कोणी आपली ओवी घुसडली तर ते अमृताच्या पानात करवंटी ठेवल्यासारखे होईल. नाथांनी ज्ञानेश्वरी विकायला काढली नाही, कोणाला वाचायला बंदी केली नाही. वाचा, गा, पाठ करा, लिहून घ्या. पण त्यात आपले घालू नका आणि ते ज्ञानोबांचे म्हणून सांगू नका. मालकीशिवायची मर्यादा ती हीच.

दुसरे प्रमाण देहूचे. सालोमालो नावाचा मनुष्य तुकोबांचे अभंग घ्यायचा, शेवटच्या चरणातली तुकोबांची मुद्रा काढून तेथे आपली घालायचा आणि कीर्तन करायचा. गाथा इंद्रायणीत बुडाली तेव्हा तुकोबांनी कोणाशी भांडण केले नाही, धरणे धरले ते देवाच्या दारात. घरची वाताहत झाली तेव्हाही ते कोणावर रागावले नाहीत. पण या सालोमालोला त्यांनी अभंगातच खडसावले. का? अभंग गायला म्हणून नव्हे. अभंगाची साक्ष बदलली म्हणून. मुद्रा म्हणजे मालकीचा शिक्का नव्हे. ‘हे मी अनुभवून सांगतो’ अशी ती सही आहे. न्यायालयात साक्षीदार आपले नाव सांगून बोलतो, तसे. सही पुसून दुसऱ्याची केली की जबाब खोटा ठरतो, मग शब्द तेच का असेनात.

आता हे माप प्रचारगीताला लावून पाहा. आपल्या तालुक्याच्या गावांतून जाणाऱ्या प्रचाराच्या गाड्या तुम्हीही ऐकल्या आहेत. चाल ओळखीची असते. खंजेरीचा ठेकाही तोच, ज्यावर आपल्या गावातले गुरुदेव सेवा मंडळ गुरुवारी भजन म्हणते. शेवटच्या कडव्यात जेथे ‘तुकड्यादास’ ही मुद्रा यायची, तेथे उमेदवाराचे नाव आणि चिन्ह येते. शेतात धान बांधणाऱ्या बाईला लांबून शब्द कळत नाहीत, चाल कळते. तिचा हात क्षणभर थांबतो आणि ती मनोमन नमस्कार करते. तो नमस्कार कोणाला पोचला? या प्रश्नाचे उत्तर गाडीत बसलेल्याला ठाऊक आहे, आणि त्यासाठीच चाल निवडली आहे. सालोमालोने निदान कीर्तन तरी केले होते.

काळही पाहा कसा जुळून आला. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांत १९ एप्रिलला मतदान झाले. म्हणजे जाहीर प्रचाराचा शेवटचा दिवस नेमका रामनवमीचा. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी १२ तारखेला. प्रचाराचा सगळा जोर काकड्याच्या दिवसांत. पहाटे देवळात काकडा म्हणून माणूस घरी वळतो न वळतो, तोच त्याच चालीवरची गाडी रस्त्यावर येते. थोड्या वेळापूर्वी जी चाल देवाला जागवत होती, ती आता मतदाराला जागवते. दहा-पंधरा दिवस हे चालले की चाल कोणाची, हे कान विसरतो. लहान मुले आधी गाडीचे शब्द शिकतात. पुढे त्यांना मूळ भजन ऐकवले, तर त्यांना चिन्ह आठवते. नुकसान होते ते हे. संतांचे यात काही जात नाही. जाते ते त्या मुलाचे.

येथे चिमूरचा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो बळकट आहे. कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही भजन राजकारणापासून दूर ठेवा म्हणता, मग १९४२ साली काय झाले? त्या वर्षी राष्ट्रसंतांच्या खंजेरीने आपला हा सगळा मुलूख पेटवला होता. त्यांच्या भजनातल्या ओळी लोकांच्या घोषणा झाल्या. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला लोक निघाले, गोळीबार झाला, माणसे पडली, सरकारी अधिकारीही जमावाच्या हाती मारले गेले. नंतर गावावर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. हे भजनाचे राजकारण नव्हते काय?

होते. ते नाकारून चालणार नाही. पण तेथे तीन गोष्टी होत्या, ज्या सभेच्या भोंग्यात नसतात. एक, गाणारा स्वतः समोर उभा होता. त्याचे भजन, त्याची मुद्रा, त्याचे तोंड. साक्ष खरी होती. दोन, त्याने त्याची किंमत स्वतः भरली. त्याच ऑगस्ट महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवले. तीन, त्यांनी स्वतःसाठी काही मागितले नव्हते, खुर्ची नाही की मत नाही. पुढे देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी ग्रामगीतेत मतदानाविषयीही लिहिले. मताचा वापर नीट केला नाही तर घाव आपल्यावरच उलटतो, असे बजावले. अमुक चिन्हावर शिक्का मारा, असे त्यात नाही. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून १ मे ते १० मे उपवास केला, त्याचेही माप तेच. भक्ती सार्वजनिक कामात उतरू शकते. ती उतरताना गाणाऱ्याने आपले अंग पुढे करावे लागते. आजच्या प्रचारगीतात धोका कोणी घेत नाही. गाणारे वैकुंठवासी, वाजवणारा भाड्याचा, आणि लाभ तिसऱ्याचा.

शाहिरांचीही हीच गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी गावोगाव पोवाडे आणि लोकनाट्ये नेली. त्यांची बाजू उघड होती. शब्द त्यांचे, डफ त्यांचा, बाजू त्यांची. त्यांची मते पटोत वा न पटोत, त्यात फसवणूक नव्हती. उमेदवाराने शाहीर आणावा, नवे कवन करून घ्यावे, नवी चाल बांधून घ्यावी. आमची त्याला हरकत नाही. झाडीपट्टीत तर कवी आणि नट उदंड आहेत. वडसा येथील नाटक मंडळ्या दिवाळीनंतरचा सगळा हंगाम जागवतात. त्यांना काम द्या, पैसे द्या. पण मेलेल्या साधूला मुकाट्याने आपल्या मंचावर बसवू नका.

आपल्या शेजारच्या आदिवासी बांधवांनी हे दुःख आपल्याआधी भोगले आहे. गडचिरोलीच्या जंगलात गोंड आणि माडिया गावांत रेला गाणे आणि नाच रात्ररात्र चालतो. ते पेरणीचे, लग्नाचे, सणाचे गाणे. नक्षलवाद्यांच्या चेतना नाट्य मंचाने त्या चालींवर आपली गाणी बसवून पाड्यापाड्यांत नेली. पुढे पोलिसांच्या मेळाव्यांतही रेला नाचला गेला. रेला ज्यांचा, त्यांना कोणी विचारले? एका बाजूच्या गाण्यावर पाय उचलला तर दुसरी बाजू संशय घेणार, असा प्रसंग ज्या गावावर आला, त्या गावाला चाल म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे शिकवावे लागत नाही. चालीत माणसाचे घर असते. आपण भजनवाले त्यांच्यापेक्षा पुष्कळ सुखी आहोत, म्हणून आपण बोलले पाहिजे.

आता शास्त्राचा पूर्वपक्ष. जाणता वारकरी विचारील, नामाला विटाळ कसला? अजामिळाने मरताना मुलाला हाक मारली, मुलाचे नाव नारायण होते, तेवढ्याने तो तरला. मग सभेत दहा हजार माणसे राम कृष्ण हरी म्हणाली, तर त्यांचे कल्याणच झाले. वाजेना का पुढे तुतारी!

सिद्धांत असा आहे. नामाला विटाळ नाही, हे खरेच. दहा हजारांच्या तोंडी नाम आले त्याचे फळ त्यांना मिळेल, त्याविषयी मी शंका घेत नाही. पण अजामिळाने नामाचा व्यापार केला नव्हता. भयाने, मोहाने, पण अंतःकरणातून त्याने हाक मारली. नामाचे जे दहा अपराध शास्त्राने सांगितले, त्यांत नामाच्या बळावर गैर करणे हा एक मोठा अपराध आहे. नाम पुढे करून मागून काही साधणे, मग ते मत असो की देणगी, त्या अपराधाच्या वाटेवरचे आहे. तेव्हा फळ ऐकणाऱ्याला आणि अपराध वापरणाऱ्याला. दिव्याचा उजेड सर्वांना मिळतो. त्या उजेडात कोणी पोथी वाचतो, कोणी खोटा दस्तऐवज लिहितो. दिवा निर्दोष असतो, लिहिणारा नसतो.

सरकारी कायद्यालाही हे थोडेफार उमगले आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरवला आहे, आणि २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने त्याचा अर्थ अधिक कडक केला. देवळे, मशिदी, चर्च ही प्रचाराची व्यासपीठे होऊ नयेत, असे आचारसंहिता सांगते. पण कायदा शब्द पाहतो. मशालीच्या गीतातले दोन शब्द त्याला दिसले. चाल त्याला दिसत नाही, ठेका दिसत नाही. जे कायद्याला दिसत नाही, ते दाखवणे हे आपले काम.

ते काम करायचे तर आपले अंगण झाडलेले हवे. आणि येथे, माउली, मला आपल्याच मंडळींशी कठोर बोलले पाहिजे. राजकारण्यांनी भजन पळवले, अशी तक्रार करताना भजन त्यांच्या हाती देतो कोण, हे पाहा. सप्ताहाच्या मंडपात व्यासपीठामागे पांडुरंगाच्या तसबिरीपेक्षा मोठा फलक इच्छुक उमेदवाराचा असतो. काल्याच्या कीर्तनात अभंगाचे दुसरे चरण सुरू होते आणि पाहुणे आले म्हणून वीणा थांबते. सत्कार, नारळ, शाल, मग ‘दोन शब्द’, आणि ते दोन शब्द अर्धा तास चालतात. काही कीर्तनकार स्वतःच प्रचारसभेत जाऊन फेटा बांधून उभे राहतात. सिनेमाच्या चालीवर अभंग बसवून टाळ्या घेणारेही आपल्यातच आहेत. आपण सिनेमाची चाल देवळात आणली, तर सभेवाल्याने देवळाची चाल रस्त्यावर नेली म्हणून कोणत्या तोंडाने बोलावे?

तुकोबारायांनी कीर्तनकाराला नियम घालून दिले ते फार बारीक आहेत. जेथे कीर्तन करायचे तेथे जेवू नये, गळ्यात हार आणि कपाळी बुक्का लावून घेऊ नये, बैलाला चाराही तेथला घेऊ नये. नव्या पिढीला हे अतिरेकी वाटते. पण त्यामागे कारण आहे. ज्याचे खाल्ले त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असे परंपरा सांगते. तो राजा काही वाईट नव्हता. सर्वांत चांगल्या राजाचा नजराणाही परत करता येतो, तेव्हाच वाईटाला नकार देण्याचे बळ शिल्लक राहते. २०२४ च्या आषाढी वारीआधी राज्य सरकारने नोंदणी असलेल्या दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये जाहीर केले. त्याच वर्षी निवडणूक होती. वाटेवर पाणी, शौचालये, दवाखाना, निवारा हे सरकारने करावे. तो सर्वांच्या कराचा पैसा आहे आणि वारकरीही नागरिक आहे. पण दिंडीच्या हाती रोख रक्कम देणे निराळे. ती घ्यावी की नाही, हे ज्या त्या दिंडीने ठरवावे. ठरवताना एवढेच विचारावे की, उद्या या देणाऱ्याच्या सभेत आपला हरिपाठ वाजला, तर आपला आवाज निघेल काय?

तर करायचे काय? न्यायालयात जा, असे मी सांगणार नाही. निषेधाचे मोर्चेही नकोत, मोर्चात पुन्हा दुसरा पक्ष शिरतो. आपल्या हातातल्या गोष्टी करू.

सप्ताहाला पुढारी आला तर त्याचे स्वागत करा. तोही पांडुरंगाचे लेकरू आहे. त्याला बुक्का लावा, श्रोत्यांत सतरंजीवर जागा द्या, टाळ द्या. ध्वनिक्षेपक देऊ नका. त्याच्या मनात भाव असेल तर त्याला यात अपमान वाटणार नाही, आणि अपमान वाटला तर तो कशासाठी आला होता हे आपोआप कळले. मंडपाच्या आत पांडुरंगाखेरीज कोणाची तसबीर नको, हा ठराव सप्ताह ठरतो त्याच बैठकीत करा, ऐनवेळी नव्हे. निवडणूक दूर असते तेव्हा असे ठराव सहज होतात.

भजनी मंडळाला प्रचाराच्या मिरवणुकीचे बोलावणे आले तर वीणा आणि पखवाज घरी ठेवा. तुमच्यातल्या कोणाला एखादा उमेदवार मनापासून पटत असेल, तर त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत, गळ्यात टाळ न अडकवता जाऊन बोलावे. नागरिकाचा तो हक्क आहे. तुळशीची माळ काढून ठेवता येत नाही, हे मला माहीत आहे. पण माळ दाखवून मत मागू नये, एवढे तर करता येते.

आणि गाडीवर आपली चाल ऐकू आली तर दगड उचलू नका, शिव्या देऊ नका. गाडीवरचा मुलगा आपल्याच गावातला, रोजाने आलेला असतो. त्याच्या मालकाकडे, म्हणजे त्या पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्याकडे, गावातले चार टाळकरी मिळून जा. आधी त्याच्या पाया पडा, आपल्या रीतीप्रमाणे. मग सांगा की हे भजन साधूच्या नावाचे आहे, साधूने तुमच्या बाजूने जबाब दिलेला नाही, विरुद्धही दिलेला नाही. तुमचे कवन तुम्ही नव्या चालीत करून घ्या. दहांपैकी सहा जण ऐकतील. कारण त्यांच्या घरीही आई हरिपाठ म्हणते. जे चार ऐकणार नाहीत, त्यांच्याशी वाद नको. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या गाडीवर तेच ऐकू आले, तर तेच चार टाळकरी तेथेही गेले पाहिजेत. ज्या पक्षाला आपण मत देणार आहोत, त्याच्याकडे तर सर्वांत आधी.

कन्हैया मित्तल यांचे पुढे काय झाले ते पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी काँग्रेसमध्ये जाण्याची इच्छा बोलून दाखवली आणि दोन दिवसांत ती मागे घेतली. ज्यांनी त्यांचे रामाचे गाणे आपल्या बाजूचे म्हणून ऐकले होते, ते दुखावले होते. गाणे एकदा पक्षाला बांधले गेले की गाणाऱ्यालाही ते सोडवता येत नाही. ते तर जिवंत आहेत, आपले म्हणणे बदलू शकतात, खुलासा करू शकतात. तुकोबांनी खुलासा कोणत्या तोंडाने करावा? राष्ट्रसंतांनी कोठे पत्रक काढावे? त्यांचे तोंड आता आपलेच आहे. हेज यांच्या घरच्यांनी न्यायालयात जाऊन जे केले, ते आपण मालकी न सांगता, पैसा न मागता, गावच्या पारावर करायचे आहे.

चाल जपण्याचा शेवटचा उपाय सर्वांत सोपा आहे. ती रोज म्हणावी. ज्या घरात सायंकाळी मुले मूळ शब्दांत, शेवटच्या चरणातल्या मुद्रेसह भजन म्हणतात, तेथे प्रचाराची गाडी दहा वेळा गेली तरी मुलांना साधूच आठवतो. मुद्रा गाळू नका. घाई असली तर मधले कडवे सोडा, पण सही झाल्याशिवाय टाळ खाली ठेवू नका.

राम कृष्ण हरी. एवढेच. पुढे काही जोडू नये.